तवसं, आगळ आणि नारळाचा रस
मालवणी घरात सॅलडवर घालायला बाजारातली ड्रेसिंगची बाटली आणण्याचं काहीच कारण नाही. फडताळात आगळ असतोच. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकले की ते फोडून मिठात घालतात, त्यातून सुटणारा गडद लाल रस म्हणजे आगळ. तो वर्षभर टिकतो, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. फ्रेंच पद्धतीत एक भाग व्हिनेगरला तीन भाग तेल घेतात आणि दोन्ही फुटू नयेत म्हणून वाटलेली मोहरी घालून घुसळत बसतात. नारळाच्या दाट रसाला ही खटपट लागत नाही, कारण त्यातल्या प्रथिनांनी तेलाचे बारीक थेंब पाण्यात आधीच धरून ठेवलेले असतात. पावसाळ्यात परसातलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, चोचवावं, त्यावर पहिल्या पिळणीचा चार चमचे रस, चमचाभर आगळ, ठेचलेली मिरची आणि लसणाची एक पाकळी घालावी. मुलांच्या वाटीत मिरचीऐवजी किसलेला गूळ चालतो. तवशाऐवजी उकडलेलं बीट घेतलं तर गूळ हवाच. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नये. आगळात ते भरपूर असतं, आणि जास्त झालं की तवशाला पाणी सुटून सगळं पाणचट होतं. म्हणून कालवायचं ते पानं मांडल्यावरच. वरून खोबरेल तेलात मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी द्यावी. उरलेलं फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं आणि त्याच्या कण्या दाताखाली येतात.