तुरुंगही नको, कंपनीही नको



मादक पदार्थांना कायदेशीर मान्यता द्यावी काय, हा प्रश्न आजवर इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि बड्यांच्या दिवाणखान्यांतून चघळला गेला. कामगार संघटनेने यात पडू नये, असा सल्ला आम्हाला आमच्याच काही ज्येष्ठ साथींनी दिला. आम्ही तो मानत नाही. ज्या कायद्याखाली पकडला जाणारा माणूस बहुधा हमाल, ट्रकवरचा क्लीनर, कंत्राटी कामगार नाहीतर झोपडपट्टीतला पोरगा असतो, तो कायदा कामगारांचा प्रश्न नाही तर कोणाचा?

आधी कायदा काय आहे ते पाहू. 14 नोव्हेंबर 1985 रोजी अंमली पदार्थांचा एन.डी.पी.एस. कायदा लागू झाला. त्यापूर्वी गांजा आणि अफू हे अबकारी खात्याचे विषय होते, परवानाधारक ठेके होते. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात औषधाखेरीजचा गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती भरत आली आणि दिल्लीने एका झटक्यात सगळे बेकायदा केले. सगळे म्हणजे भांग सोडून! झाडाचा शेंडा गुन्हा, पान मात्र गुन्हा नाही. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थानातील आमच्या साथींना सरकारी परवान्याची भांगेची दुकाने रोज दिसतात. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये या विषयावर चौकशी आयोग नेमला होता. त्याने हजाराहून जास्त साक्षीदार तपासून बंदी नको, कर आणि नियंत्रण पुरे, असे म्हटले होते. गोऱ्या साहेबाला जे कळले ते स्वतंत्र भारताच्या सरकारला वळले नाही.

आता रेल्वेत या कायद्याचा अर्थ काय होतो ते सांगतो. आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ भागातला गांजा गाडीने पश्चिमेकडे येतो, हे पोलिसांपासून पाणीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. 2019 पासून रेल्वे सुरक्षा दलालाही झडती व जप्तीचे अधिकार मिळाले आहेत. समजा, वातानुकूलित डब्यातल्या चादरींच्या कपाटात पुडकी सापडली. कपाटाची किल्ली कोणाकडे? ठेकेदाराच्या अटेंडंटकडे. कायद्याची कलमे 35 आणि 54 अशी आहेत की माल ताब्यात सापडला म्हणजे आरोपीला माहीत होते असेच धरून चालायचे. माहीत नव्हते हे त्यानेच सिद्ध करायचे. माल वीस किलोच्या वर गेला की दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी, किमान एक लाख दंड, आणि कलम 37 मुळे जामीन जवळपास अशक्य. ठेकेदार दुसऱ्याच दिवशी हात झटकतो, बदली माणूस डब्यात चढतो. ज्याचा माल तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीने पाठवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

परंतु याचा अर्थ "सर्व खुले करा" असा होत नाही. गर्दने काय केले हे मुंबईच्या गिरणगावाला आणि रेल्वेच्या चाळींना कोणी शिकवायला नको. गर्द हा कायदा होण्याआधीच मुंबईत आला होता. कायद्याने तो गेला नाही, पण कायदा नसता तरी तो गोड झाला नसता. 1986 मध्ये पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले ते या आगीतूनच. पानाच्या ठेल्यावर गर्द मिळावा असे म्हणणाऱ्याला आम्ही कामगारांचा मित्र समजत नाही. गांजा वेगळा आणि गर्द वेगळा, हे कायद्यात कमी-जास्त शिक्षेपुरते दिसते. खरा फरक करायचा तर गर्दच्या रोग्याला दवाखाना दिला पाहिजे. केंद्र सरकारने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे देशात दारू पिणारे 16 कोटी, भांग-गांजा-चरस घेणारे 3 कोटींच्या वर, आणि अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी आहेत. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही उपचार मिळतो, असेही तीच पाहणी सांगते. म्हणजे जी नशा कायदेशीर आहे तिच्या रोग्यालाही सरकारने वाऱ्यावर सोडले आहे.

काही विद्वान आम्हाला कॅनडाचे उदाहरण देतात. तिथे ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, लोक तुरुंगात जात नाहीत, हे चांगलेच झाले. पण ओंटारिओ प्रांतातल्या स्मिथ्स फॉल्स गावची कहाणी कोणी सांगत नाही. तिथला हर्शीचा चॉकलेटचा कारखाना बंद पडला, त्याच जागेत गांजाची मोठी कंपनी आली, शेअर बाजारात तिचे ढोल वाजले. आणि 2023 मध्ये तिने सुमारे 800 नोकऱ्या कमी करून तोही कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. चॉकलेट असो की गांजा, भांडवलदाराची चाल एकच! त्याच देशातल्या क्वेबेक प्रांताने मात्र दुकाने सरकारी महामंडळाकडे ठेवली, वयाची अट 21 वर्षे केली. तिथल्या दुकानांतल्या कामगारांनी 2022 मध्ये पगारासाठी संप केला. सरकारी दुकानातही लढावे लागते, पण लढायला समोर कोणीतरी असते.

थायलंडने 2022 मध्ये गांजा यादीतून काढला, नियम मागून करू म्हटले. गल्लोगल्ली दुकाने झाली, आणि 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन जवळ बाळगण्याचा गुन्हा रद्द केला, पण उपचाराची व्यवस्था वेळेवर उभी केली नाही. 2024 मध्ये तो पुन्हा गुन्हा झाला. पोर्तुगालने 2001 मध्ये दहा दिवसांच्या वापरापुरता साठा गुन्ह्यातून काढला आणि पकडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी समितीपुढे उभे केले. ती व्यवस्था टिकली, कारण समितीच्या मागे दवाखाना होता.

महसुलाचा मुद्दा उरतो. राज्य सरकारे आजच दारूच्या पैशावर जगतात. अबकारीचे उत्पन्न ही तिजोरीची स्वतःची नशा झाली आहे. उद्या गांजाचा लिलाव झाला तर ठेका आमदाराच्या मेहुण्याला आणि जाहिरात क्रिकेटपटूला. म्हणून आमचे म्हणणे असे की देशात अफूची जी पद्धत आहे तिच्याकडे बघावे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शेतकरी सरकारी परवान्यावर अफू लावतात, सरकार ती विकत घेते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते. त्यात चोरी होते, लाच चालते, शेतकरी नाडला जातो, हे सर्व खरे. पण रस्त्यावर फलक नाही आणि शेअर बाजार नाही. गांजाची विक्री करायचीच तर याच धर्तीवर करावी: लहान शेतकऱ्याला परवाना, सरकारी विक्री, जाहिरात बंद, 21 वर्षांखाली विक्री नाही. स्वतःपुरता गांजा ओढणाऱ्याची शिक्षा आजच रद्द करावी, त्याला या सगळ्याची वाट पाहायला लावू नये.

आणि ड्युटीचे काय? गाडी चालवणारा, पॉइंट सांभाळणारा, रुळावर काम करणारा माणूस नशेत असता कामा नये, यात आमची तडजोड नाही. हजारो प्रवाशांचा जीव त्याच्या हातात असतो. पण प्रशासनाने हुशारी करू नये. दारूसाठी फुंकीचे यंत्र आहे, ते आत्ताची नशा सांगते. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. सुटीत ओढलेल्याचा अहवाल कामाच्या दिवशी येईल आणि चार्जशीट हाती पडेल. ड्युटीवरचा माणूस कामाला लायक आहे की नाही, हे त्या क्षणी तपासा. रात्रीमागून रात्र जागवलेला माणूस कोणती नशा न करताही झिंगतो, त्याचेही यंत्र आणा!

या कायद्यातच कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्य सरकारी संस्थेत उपचाराला गेला तर सेवन किंवा अल्प साठ्याच्या गुन्ह्यातून त्याला सूट मिळते. ते कोणत्या डेपोच्या फलकावर लावले आहे? रेल्वे इस्पितळात गेला की नोकरी जाईल, या भीतीने माणूस घरी कुढतो आणि बायको-पोरे भोगतात. उपचाराला स्वतःहून येणाऱ्यावर खात्याची कारवाई होणार नाही, असे लेखी परिपत्रक आम्हाला हवे आहे.

शाखा सचिवांनी हे कलम मराठीत व हिंदीत लिहून आपल्या डेपोत, लॉबीत आणि रनिंग रूममध्ये लावावे. आपल्या हद्दीत कंत्राटी अटेंडंट किंवा पँट्रीचे कामगार अशा खटल्यांत अडकले असतील तर त्यांची यादी, ठेकेदाराच्या नावासह, विभागीय कार्यालयाकडे पाठवावी. सभासद नसलेल्यांचीही.