कापड लपवू नका, उन्हात वाळवा

पाळीसाठी घरचे कापड वापरणे म्हणजे मागासपणा, असा समज आपल्या वस्त्यांत पक्का होत चालला आहे. आम्हांला तो पटत नाही. नीट धुतलेल्या, कडक वाळलेल्या सुती कापडाने काही बिघडत नाही. बिघडते ते ओलसर कापड पुन्हा वापरल्याने. मग खाज सुटते, अंगावरून पांढरे जाते, आणि बाई कुणाला सांगत नाही.

कापड ओलसर राहते कारण ते लपवलेले असते. आचऱ्याच्या आसपासच्या वाड्यांत आम्ही पाहतो, दोरीवर सगळ्या घराचे कपडे उन्हात. हे एक कापड मात्र परकराखाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात. ‘कावळा शिवला’ म्हणून बाईला बाजूला बसवणे आपण सोडले, पण तिच्या कापडाला अजून बाजूलाच बसवले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ राहायला शिका असे सांगितले होते. विटाळ मनात ठेवून ती स्वच्छता कशी पाळणार?

विकतच्या पॅडला आमचा विरोध नाही. शाळेच्या, एसटीच्या, कामाच्या दिवशी मुलीने ते खुशाल वापरावे. पण वापरून झाल्यावर ते जाते कुठे? त्याला खालून प्लास्टिक असते, आत बहुधा पाणी धरणारी रासायनिक भुकटी. चुलीत टाकले तर विषारी धूर, व्हाळात टाकले तर पहिल्या पावसात खाडीत. मुंबई-पुण्यातल्या आपल्या नातलगांकडे ते कचऱ्याच्या डब्यात जाते आणि कुणीतरी हाताने वेगळे काढते. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायांना सांगावे लागले, की पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. त्यांतल्या बहुतेक दलित समाजातल्याच. २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडबरोबर पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती. पिशवी मिळाली तरी उचलणारे हात तेच.

म्हणून घरी असाल तेव्हा कापड. जुनी सुती साडी किंवा धोतर घ्या. नायलॉन, टेरिकॉट नको, ते शोषत नाही. बाजारात मिळणारी कापडी पॅड बहुधा जाड, अनेक पदर एकत्र शिवलेली असतात. कोकणच्या दमट हवेत ती आतून लवकर वाळत नाहीत. आमच्या मते इथे वेगळी पद्धत हवी. एक वीत लांब, चार बोटे रुंद अशी दोन पदरी पिशवी शिवा, एक तोंड उघडे ठेवा. दोन्ही बाजूंना पाखे काढून टिचबटण लावा. आत घालायचे कापड शिवू नका, नुसती सहा-आठ पदरांची घडी करा. धुतल्यावर ती उलगडली की एका पदराने झटकन वाळते.

आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने डाग बसतो. मग साबण, आणि थेट ऊन. ते पाणी व्हाळात न ओतता शोषखड्ड्यात किंवा माडाच्या बुंध्याशी ओता. चार-सहा तासांनी बदला, एकीचे दुसरीने वापरू नका, विरले की टाका. तरीही खाज किंवा दुर्गंधी असेल तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

दोन अडचणी खऱ्या आहेत. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. धुवायला पुरेसे पाणी नसेल तर कापडाचा हट्ट धरू नये. आणि जूनपासून चार महिने ऊन नसते. तेव्हा चुलीच्या उबेला दोरी बांधा आणि सुकल्यावर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. हाताला गारवा लागला तर ते कापड त्या दिवशी वापरू नका. एरवी एकीला सहा जोड पुरतात, पावसाळ्यात दहा लागतात. तेवढे मे महिन्यातच शिवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवावेत.