निरोगी झाड : तोडावे की सांभाळावे?

पावसाळा सरला, की आपल्या संघाच्या कार्यकारिणीपुढे एक विषय बहुधा न चुकता येतो. कोणा सभासदाच्या गोदामासमोर मोठे झाड असते. ते काढून टाकण्यास सरकारी परवानगी मिळावी म्हणून संघाने शिफारसपत्र द्यावे, अशी त्यांची विनंती असते. विनंती करणारे आपलेच बंधू, आणि एका पत्राने संघाचे काही वेचत नाही. त्यामुळे सही करण्याकडे मनाचा कल सहजच होतो. आमच्या मते मात्र ही सही करण्यापूर्वी घडीभर थांबणे अगत्याचे आहे. निरोगी झाड केवळ अडचण होते म्हणून पाडण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो काय, हा प्रश्न शिफारसपत्रापेक्षा मोठा आहे, आणि त्याचा विचार व्यापारी म्हणून व श्रावक म्हणून अशा दोन्ही नात्यांनी झाला पाहिजे.

झाड काढू इच्छिणाऱ्यांची कारणे क्षुल्लक असतात, असे आम्ही म्हणत नाही. मोठा ट्रक गोदामाच्या दाराशी वळत नाही. पक्ष्यांची विष्ठा बारदानावर पडते. पानांनी पन्हळी तुंबतात व छताचे पाणी थप्पीवर उतरते. मुळांनी पायरी उचलली जाते. दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसत नाही. आणि वादळात फांदी मोडून एखाद्या हमालाच्या जिवावर बेतेल, ही धास्ती तर कायमचीच. ज्याचा माल भिजला आहे त्यास सावलीचे माहात्म्य सांगणे व्यर्थ होय. परंतु ही कारणे एकेक तपासून पाहिली, तर शेवटचे एक सोडून बाकीची सर्व झाडाच्या अडचणीची आहेत, झाडाच्या आजाराची नव्हेत. आणि अडचण म्हणजे रोग नव्हे. पन्हळ झाडून घेता येते, फांदी उचलून घेता येते, पाटी दोन हात सरकविता येते. थप्पीतील एका पोत्यात सोंडे दिसले म्हणून कोणी सारे गोदाम जाळीत नाही. पोते बाजूस काढतो, थप्पी मोकळी करतो, हवा देतो, औषध घालतो. धान्याच्या बाबतीत जे तारतम्य आपण रोज बाळगतो, ते दारातल्या झाडाच्या बाबतीत का सोडावे?

यावर सर्रास मिळणारे उत्तर असे, की एक झाड पाडले तर त्याच्या बदली दहा रोपे लावू. दिल्लीसारख्या ठिकाणी तर एका झाडामागे दहा रोपांचा दंडकच आहे. ऐकावयास हा सौदा फायद्याचा वाटतो. पण आपण हिशेबी माणसे आहो, तेव्हा हिशेबच मांडून पाहू. ज्या झाडाच्या छत्राचा व्यास १५ मीटर आहे, ते सुमारे १७७ चौरस मीटर जागेवर सावली धरते. ज्या रोपाच्या छत्राचा व्यास १ मीटर आहे, त्याची सावली पाऊण चौरस मीटरहून किंचित अधिक. अशी दहा रोपे मिळून आठ चौरस मीटरही भरत नाहीत. गेलेली सावली भरून काढावयास अशी २२५ रोपे लागतील, आणि तीही सर्वच्या सर्व जगली तर! उभे झाड ही रोकड शिल्लक आहे; रोप ही लांब मुदतीची हुंडी आहे. मुदत पन्नास वर्षांची, आणि ती वटविणारा कोण, तर आपल्या नातवांच्या काळचा पाऊस व पाणी घालणारा कोणी अनोळखी इसम. असल्या हुंडीवर हातची रोकड सोडून देणारा व्यापारी आमच्या पाहण्यात नाही. रोपे अवश्य लावावीत. पण ती वाढीव भांडवल म्हणून, मुद्दल मोडल्याची भरपाई म्हणून नव्हे.

मग सांभाळावे म्हणजे काय करावे? येथेच आपली मोठी गफलत होते. मे महिन्याच्या अखेरीस चार आणसांना कोयते देऊन झाडावर चढविणे व हाताला येईल ते छाटणे, याला आपण निगा म्हणतो. वस्तुतः ती निगा नव्हे, तो झाडावरचा घाला होय. ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) नावाच्या अमेरिकन वृक्षरोगतज्ज्ञाने हजारो झाडांची खोडे उभी चिरून आतील कुजीचा अभ्यास केला. त्याच्या अभ्यासाचे सार असे, की मनुष्याची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड ती जखम चहूबाजूंनी भिंती घालून कोंडून टाकते आणि तिच्याभोवती नवे लाकूड वाढविते. फांदी जेथे खोडास मिळते तेथे फुगीर कडे असते. त्या कड्याच्या बाहेरून नेमका काप घेतला, तर झाडास ही भिंत उभारता येते. कडे छाटून खोडालगत काप घेतला, किंवा हातभर खुंट ठेवला, तर कुजीस दार उघडे राहते. त्या कापावर डांबर फासल्यानेही कूज थांबत नाही. जड फांदी एकाच घावात तोडली, तर ती कोसळताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून दुसरा, आणि उरलेल्या खुंटाचा कड्याजवळ तिसरा, असे तीन काप घेण्याची रीत आहे. शेंडा मारणे तर सर्वांत वाईट. मारलेल्या शेंड्याखाली भराभर फूट येते, पण ती वरवर चिकटलेली असते. काही वर्षांनी तीच जड होऊन वाऱ्यात मोडते.

जी गत फांद्यांची तीच मुळांची. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात व छत्राच्याही बाहेर पसरलेली असतात. आपण बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो, गटारासाठी एका अंगाची मुळे तोडतो, नळासाठी दुसऱ्या अंगाची तोडतो, विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उतरवून झाडाचा तोल घालवितो. आणि पहिल्या वादळात ते कलंडले, की झाडच वाईट होते असा निवाडा देऊन मोकळे होतो! राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतालचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणास्तव. ज्यास आपण झाडाचा धोका म्हणतो, त्यातील पुष्कळसा आपल्याच निष्काळजीपणाचा धोका असतो. शिक्षा मात्र झाडास होते.

नीट निगा राखली तर काय साधते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्री येथे शेकडो वर्षांचा वटवृक्ष आहे. २०१७ च्या डिसेंबरात त्याची एक मोठी फांदी कोसळली. वाळवीने तो आतून पोखरला होता. त्यास म्हातारा ठरवून लाकडाचा लिलाव करणे सोपे होते. तेथील वनखात्याने यात्रेकरूंची वर्दळ बंद केली, फांद्यांस आधार दिले, आणि २०१८ साली रुग्णास सलाइन लावावे त्याप्रमाणे बाटल्यांतून थेंबथेंब कीटकनाशक त्याच्या अंगात उतरविले. हावड्याच्या वनस्पतिउद्यानातील विख्यात वडाची कथा याहून बोलकी आहे. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, आणि अखेर १९२५ साली त्याचे मूळ खोडच काढून टाकावे लागले. परंतु जाणत्या हातांनी रोगट तेवढेच काढले. पारंब्यांवर उभा असलेला तो वृक्ष आजही हिरवा आहे. सांभाळणे म्हणजे कुऱ्हाड मुळीच न लावणे नव्हे. कोठे लावावी व कोठे थांबवावी हे जाणणे होय. हैदराबादहून विजापूरकडे येणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या वहिवाटीचा. त्यावर चेवेल्ल्याच्या बाजूस सुमारे ९०० वड उभे आहेत. सुमारे ४६ किलोमीटरचा तो टप्पा रुंद करावयाचा म्हणून ते जाणार, असे बहुतेकांनी धरूनच ठेवले होते. काही नागरिकांनी हरित लवादाकडे दाद मागितली, आणि रस्त्याची आखणी फिरवून त्यांतील पुष्कळ वड जागीच राखण्याचा आराखडा पुढे आला. ‘दुसरा मार्गच नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपण तो शोधलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याचा धाकही सभासदांच्या ध्यानी असावा. कर्नाटकात १९७६ पासून, महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ पासून व गोव्यात १९८४ पासून वृक्षरक्षणाचे कायदे आहेत. आपल्या आवारातील झाडही मन मानेल तसे तोडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मथुरा-वृंदावन भागात विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांबद्दल दर झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. त्याच न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये या दराने, त्याच्या वयाने गुणून धरावी असे सुचविले होते. त्या हिशेबाने साठ वर्षांचे झाड ४४ लाख ७० हजारांचे ठरते. एवढी रक्कम मोजणारे गिऱ्हाईक कोठे आहे, असे कोणी म्हणेल. तो आकडा कमीजास्त असू शकेल. त्यातील तत्त्व मात्र आम्हांस पटते. लाकडाच्या वखारीत झाडाची किंमत मेल्यावर ठरते. या हिशेबात ती जगलेल्या प्रत्येक वर्षागणिक वाढते.

पण दंडाच्या भयाने झाड राखणे ही कनिष्ठ प्रतीची गोष्ट झाली. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत वनकर्म, म्हणजे झाडे तोडून उपजीविका करणे, हे एक आहे. समंतभद्राचार्यांनी निष्कारण वनस्पती तोडणे हे अनर्थदंडात गणले आहे. गृहस्थास आरंभ सर्वस्वी टळत नाही हे खरे. फांदी छाटण्यातही एकेंद्रिय जीवास पीडा आहे; म्हणूनच ती यत्नपूर्वक, घरटी पाहून, लागेल तेवढीच छाटावी. सहा लेश्यांचा दृष्टांत आपल्या मंदिरांच्या भिंतींवर आपण लहानपणापासून पाहत आलो आहो. फळांनी लगडलेल्या झाडापाशी सहा भुकेले वाटसरू येतात. एकास ते मुळासकट उपटावेसे वाटते, दुसऱ्यास बुंधा तोडावासा वाटतो, तिसऱ्यास मोठी फांदी, चौथ्यास डहाळी. पाचवा केवळ फळे तोडू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेली वेचून खातो. भूक सहाही जणांची सारखीच. भेद आहे तो तिच्यापायी किती नाश करावयाचा यात. ट्रक वळविण्याची निकड खरी असेल. पण तिच्यासाठी आपण या सहांपैकी कोणाच्या पंक्तीस बसतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

याचा अर्थ कोणतेही झाड कधीच काढू नये, असा दुराग्रह आम्ही धरीत नाही. जे वठले आहे, ज्याच्या बुंध्याशी कूज पोचली आहे, जे अलीकडे एकाएकी कलू लागले आहे व ज्याच्या मुळाशी जमिनीस भेगा पडल्या आहेत, ते झाड रस्त्यावर ठेवणे ही दया नव्हे. त्याखाली पाठीवर पोते घेऊन जाणाऱ्या हमालाचा जीव आधी. परंतु हा निर्णय जाणकाराने झाड तपासून द्यावा. त्रासलेल्या मालकाने नव्हे आणि लाकडावर डोळा ठेवून आलेल्या ठेकेदाराने तर नव्हेच नव्हे. पोकळ दिसणारे प्रत्येक खोड मरणोन्मुख नसते. झाडाचा जिवंत भाग सालीलगत बाहेरच्या अंगास असतो. झाड काढलेच पाहिजे हे सिद्ध करण्याचा भार काढू म्हणणाऱ्यावर असावा. जगू देण्याची कारणे झाडाकडे मागू नयेत.

तेव्हा संघापुढे आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, जाणकाराचा लेखी अहवाल जोडल्याखेरीज कोणत्याही झाडाविरुद्ध संघाने शिफारसपत्र देऊ नये. दुसरी, आपल्या पेठेतील सर्व झाडांची नोंदवही करून, रीतसर परवानगीने, पावसाळ्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून दरसाल प्रशिक्षित माणसाकडून त्यांची तपासणी व छाटणी करून घ्यावी. तिसरी, त्या खर्चाचे स्वतंत्र खाते संघाच्या खतावणीत उघडावे व ज्यांच्या दारात सावली पडते त्या प्रत्येक सभासदाने त्यात वार्षिक वर्गणी भरावी. झाड पाडण्याचा खर्च एकदाच होतो, सांभाळण्याचा दरवर्षी. म्हणूनच पहिला स्वस्त वाटतो. पण तराजूची निगा, गोदामाची डागडुजी, विम्याचा हप्ता हेही दरवर्षीचेच खर्च आहेत, आणि ते टाळणाऱ्यास आपण शहाणा व्यापारी म्हणत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आपले हमाल, गाडीवान व गावाकडून माल घेऊन आलेला शेतकरी ज्या सावलीत टेकतात, तिचे भाडे आजवर आपणांकडे कोणीही मागितलेले नाही. ते यंदापासून आपण होऊन भरावे, अशी सर्व सभासद बंधूंस आमची नम्र विनंती आहे.