किया? आपण?

परवा बायको म्हणाली, "कियाची ती इलेक्ट्रिक ईव्ही६ बघून येऊया का?" मी हसलो. इथे अमेरिकेत आपल्या मंडळींची गाडी म्हणजे होंडा, नाहीतर टोयोटा! किया घेणाऱ्या एका मित्राला "स्वस्तात मिळाली वाटतं" असं मीच म्हटलं होतं...

१९९७ मध्ये कंपनी बुडीत निघाली, पुढे ह्युंदाईने घेतली, हे खरं. पण हीच ईव्ही६ २०२२ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. दमदार चार्जर मिळाला तर १८ मिनिटांत १० चे ८० टक्के, बॅटरीला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी. आणखी काय हवं?

थंडीत रेंज घटते, ही माझी शंका. बायकोच्या मते अडतंय ते फक्त नावावर. असेलही. शनिवारी जातोय बघायला. त्याआधी त्या मित्राला फोन करायला हवा.