साडीतील मरीया व इटलीचे जुने काष्ठफलक

पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाशी संबंध असलेले गोमंतकीय चित्रकार अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरीयेस साडी नेसविली, तेव्हा कित्येक भाविकांस तो अधिक्षेप वाटला. मरीयेचे खरे रूप इटालियन चित्रकारांनी एकदाच ठरवून दिले आहे, असा पुष्कळांचा ग्रह आजही आढळतो. इटलीचाच इतिहास तो खोटा ठरवितो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाराव्या शतकात इटलीतील लाकडी क्रुसांवर प्रभु येशू डोळे उघडे ठेवून ताठ उभा असे. वेदनेचा लवलेश नाही, जणू सिंहासनस्थ राजाच. पुढे संत फ्रान्सिसच्या (मृत्यू १२२६) अनुयायांनी प्रभूचे दुःख गावोगावी सांगितले आणि जुंता पिसानोच्या फलकांवर डोळे मिटले, मान खांद्यावर कलली, देह वेदनेने वाकला. ही वेदनेची रीत मूळची ग्रीक चित्रकारांची! मरीयेच्या मस्तकावरील निळा पदरदेखील ग्रीकच. उसने घेऊन इटलीने ते आपलेसे केले. मग साडीचाच एवढा विटाळ का?

हे काम सोपे नव्हते. लाकडावर खडीसारखा पांढरा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि अंड्याच्या बलकात कालविलेले रंग. हे रंग क्षणात वाळतात. म्हणून केसाएवढ्या बारीक रेघा शेजारी शेजारी ओढाव्या लागत. मातेच्या भुवईवरील शोक असा रेघेरेघेने उतरला आहे. दूच्चोचा मोठा फलक ९ जून १३११ रोजी सिएना नगरीने मिरवीत मंदिरात नेला, त्या दिवशी दुकाने बंद होती.

खानदेशच्या वाचकांस हे परके वाटू नये. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील मूर्च्छित राजकन्या आठवावी : झुकलेली मान, गळून गेलेली बोटे. फोन्सेकांचे गुरु नंदलाल बोस यांनी तरुणपणी याच लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. तेव्हा फोन्सेकांच्या कुंचल्यास आमच्या शेजारच्या डोंगराचेही काही ऋण आहेच. बाजारातील गुलाबी गालांच्या छापील मरीयेस मात्र कोणाचेच ऋण नाही, आणि दुःखही नाही.

फोन्सेकांची बरीच चित्रे गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. अमळनेराहून ते फार दूर पडते; अजिंठा मात्र एका दिवसात पाहून परतता येतो.