ऐट आणि गति

सकाळीं शाळेची घंटा होण्यापूर्वीं पंधरावीस मिनिटें फाटकापाशीं उभें राहिलें म्हणजे मौजेचा एक देखावा पाहावयास मिळतो. सायकलींची रांगच रांग आंत येत असते. कोणी विद्यार्थी हँडलावरील दोन्ही हात सोडून, छाती पुढें काढून येतो. कोणीं सीट इतकी उंच केलेली असते कीं, पायडल गांठण्यासाठीं त्यास डावीउजवीकडे डोलावें लागतें. कोणीं मडगार्ड शोभत नाहीं म्हणून काढून टाकलेलें असतें, आणि पावसाळ्यांत त्याच्या सदऱ्याची पाठच त्या शोभेची साक्ष देत असते. या सर्वांच्या मागून एक मुलगा वडिलांच्या जुन्या, काळ्या, जड सायकलीवरून येतो. तिच्या सीटवर फडकें गुंडाळलेलें, कॅरिअर दोरीनें बांधलेलें. तो फाटकाच्या अलीकडेच उतरतो, सायकल भिंतीच्या आडोशास लावतो आणि पायीं आंत येतो. असें कां, म्हणून आम्हीं त्यास एकदां विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, “सर, मुलें हंसतात.”

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनांत घोळत आहे. सायकलीवर ऐटदार दिसणें आणि सायकल उत्तम चालविणें, यांचा परस्परसंबंध काय? पालकवर्गांतील पुष्कळांचें उत्तर तयार असेल: ऐट ही आळसाची बहीण, शाळेंत वेळेवर पोहोंचावें, म्हणजे झालें. मुलांचें उत्तरही तितकेंच तयार असेल: जो चांगला दिसतो, तोच चांगला चालवितो. आम्हांस ही दोन्ही उत्तरें अर्धवट वाटतात. तसें कां वाटतें, हें सायकलींच्या शर्यतींच्या इतिहासांतील कांहीं उदाहरणांवरून सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम ऐटीच्या बाजूचें उत्तम उदाहरण घेऊं. ह्यूगो कोब्लेट हा स्वित्झर्लंडचा सायकलपटु दिसावयास मोठा देखणा होता, आणि सायकलीवर तर तो इतका डौलदार दिसे कीं, फ्रेंच लोकांनीं त्याच्या मोहक चालीवरूनच त्यास टोपणनांव दिलें. सन १९५१ च्या टूर द फ्रान्स या सुप्रसिद्ध शर्यतींत, ब्रीव्ह ते आजाँ या टप्प्यावर, तो शेवट १३५ किलोमीटर दूर असतांनाच सर्वांना मागें टाकून एकटा पुढें निघाला. मागें कोप्पी, बार्ताली, बोबे यांच्यासारखे धुरंधर त्याचा पाठलाग करीत होते. तरी तो कोणाच्याही हातीं लागला नाहीं. शेवटची रेषा ओलांडल्यावर त्यानें खिशांतून कंगवा काढला, केस नीट केले, आणि घड्याळाकडे पाहत तो इतरांची वाट पाहूं लागला, असें सांगतात. ते अडीच मिनिटांहून अधिक वेळानें आले. त्या वर्षींची टूर कोब्लेटनेंच जिंकली.

आतां, हें सौंदर्य कोठून आलें? कंगव्यांतून खास नव्हे. स्वार दमूं लागला म्हणजे प्रथम त्याचे खांदे हलूं लागतात, मग मान डोलूं लागते, मग गुडघे बाहेर फाकतात. यांपैकीं प्रत्येक हालचालीस शक्ति लागते, पण तिनें चाक तिळभरही पुढें जात नाहीं. ज्याचें धड स्थिर, हात सैल आणि पाय सारख्या लयींत फिरणारे, तो आपली शक्ति वाटेंत सांडत नाहीं. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन नदीवरून येणारी बाई आपण सर्वांनीं पाहिली आहे. ती ऐटीसाठीं तशी चालत नाहीं. पाणी सांडूं नये म्हणून तशी चालते, आणि त्यामुळेंच तिची चाल पाहण्याजोगी होते. कोब्लेटचा डौल हा त्याच जातीचा होता. म्हणून ऐट सर्वस्वीं त्याज्य आहे असें म्हणणाऱ्या पालकांशीं आम्ही सहमत नाहीं. कामांतून जी ऐट आपोआप येते, ती कामाचीच खूण होय.

परंतु यावरून जो उत्तम चालवितो तो नेहमीं सुंदरच दिसेल, असें कोणी अनुमान काढील, तर तें मात्र चुकीचें ठरेल. सपाट रस्त्यावर वेगानें जाणाऱ्या स्वाराचा मुख्य शत्रु वारा. वेग दुप्पट करावयाचा तर त्या वाऱ्याशीं झगडण्यास आठपट शक्ति लागते. आणि वाऱ्यास जें अडतें, त्याचा मोठा भाग सायकल नव्हे, तर स्वाराचें शरीरच असतें. हें ज्यानें मनावर घेतलें, असा ग्रॅम ओब्री नांवाचा एक स्कॉटिश गृहस्थ आहे. त्यानें स्वतःच्या हातांनीं एक सायकल तयार केली आणि तींत चक्क कपडे धुण्याच्या यंत्रांतील बेअरिंग बसविलें. तिच्यावर तो हात छातीखालीं दुमडून, पंख मिटलेल्या पक्ष्याप्रमाणें ओणवा बसे. ही बैठक देखणी होती असें त्याचे चाहतेही म्हणणार नाहींत. परंतु १७ जुलै १९९३ रोजीं, नॉर्वेंतील हामार येथें, त्यानें एका तासांत ५१.५९६ किलोमीटर अंतर तोडलें, आणि इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरचा १९८४ पासून टिकलेला विक्रम मागें टाकला. विशेष हें कीं, आदल्याच दिवशीं त्याचा प्रयत्न फसला होता. एक रात्र उलटतांच तो पुन्हां सायकलीवर बसला. पुढें १९९४ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें त्याच्या बैठकीस बंदी केली. त्या नियमांची चर्चा येथें करीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्यास आमच्या फाटकापाशीं मुलें हंसलीं असतीं, तो त्या दिवशीं तासाभराच्या शर्यतींत जगांत पहिला होता.

अलीकडचेंही उदाहरण आहे. ब्रिटनकडून खेळणारा क्रिस फ्रूम कोपरें बाहेर काढून, मान खालीं घालून, जणूं हँडलावर कांहीं हरवलें आहे तें शोधीत सायकल चालवी. त्याच्या चालीची थट्टा पुष्कळांनीं केली. टूर द फ्रान्स मात्र त्यानें २०१३, २०१५, २०१६ आणि २०१७ अशी चार वेळां जिंकली. तेव्हां डौल ही उत्तम चालविण्याची एक खूण आहे खरी. परंतु ती एकमेव खूण नव्हे, आणि ती नाहीं म्हणून कोणास नालायक ठरविणें हा निव्वळ आंधळेपणा होय.

या गोष्टीची आणखी एक बाजू आहे. सन १९८९ च्या टूरच्या शेवटच्या दिवशीं फ्रान्सचा लोराँ फिन्याँ हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढें होता. व्हर्साय ते पॅरिस हें २४.५ किलोमीटरांचें अंतर प्रत्येकानें एकट्यानें तोडावयाचें होतें. लेमाँडनें पुढें हात लांबवून टेकतां येईल असें नव्या तऱ्हेचें हँडल लावलें होतें, आणि डोक्यावर मागें निमुळतें होत गेलेलें हेल्मेट चढविलें होतें. फिन्याँ बोडक्या डोक्यानें निघाला. त्याच्या सोनेरी केसांची शेंडी वाऱ्यावर उडत होती. दिवसअखेर हिशेब झाला, तेव्हां सुमारें ३,२८५ किलोमीटरांच्या शर्यतींत फिन्याँ अवघ्या ८ सेकंदांनीं हरला होता. केवळ केसांनींच त्याचा घात केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. बैठकीच्या जागीं झालेल्या गळवानें तो त्या दिवशीं बेजार होता, आणि हँडलाचा फरक तर होताच. तथापि जेथें ८ सेकंदांचा प्रश्न, तेथें वाऱ्यावर उडणारी शेंडीही फुकट मिळत नाहीं, एवढें निश्चित.

फिन्याँनें एक शर्यत गमावली. डोक्याच्या बाबतींत याहून मोठी किंमत द्यावी लागण्याचा संभव असतो. हेल्मेटानें केस विस्कटतात, असें आमचीं मुलें व मुलीही सांगतात. सन १९४७ ची टूर जिंकणारा फ्रान्सचा ठेंगणा ज्यां रॉबिक हा कातड्याची टोपी घालून शर्यतींत उतरे. तो तींत सुंदर दिसत नसे. परंतु पूर्वीं एका शर्यतींत पडून त्याची कवटी तडकली होती, आणि दिसण्यापेक्षां असणें महत्त्वाचें, हें तो शिकला होता. इतरांस हा धडा फार उशिरां मिळाला. मार्च २००३ मध्यें पॅरिस-नीस शर्यतींत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडला, डोक्यास मार लागला, आणि तो मृत्यु पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्याच वर्षीं अशा शर्यतींत हेल्मेट सक्तीचें झालें. विस्कटलेले केस दोन मिनिटांत नीट बसतात, एवढें आमच्या मुलामुलींनीं लक्षांत ठेवावें.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सायकल घेतांना मुलाच्या हट्टास बळी पडून रंग पाहूं नका; तशीच ती पुढें चार वर्षें पुरावी म्हणून मोठ्या मापाचीही घेऊं नका. सीटवर बसून टाच खालच्या पायडलावर ठेवली असतां पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलावर आला कीं गुडघा किंचित् वांकलेला राहतो. एवढें एक माप जुळलें तरी अर्धा डौल विनामूल्य मिळतो. चेनला तेल, टायरांत पुरेशी हवा आणि दोन्ही ब्रेक चालू असणें, हे सायकलीचे खरे दागिने होत. नीटनेटकें दिसावें ही मुलांची हौस वाईट नाहीं. ती दडपूं नका, तिला कामास लावा. ज्यास सायकल चकचकीत हवी, त्यानें ती रविवारीं स्वतः पुसावी.

आतां त्या जुन्या सायकलीच्या मुलाकडे वळूं. तो रोज आठ किलोमीटरांवरून येतो आणि तितकाच परत जातो. जातांना वारा बहुधा तोंडावर असतो. आम्हीं मुद्दाम उशिरां येणाऱ्यांची वही काढून पाहिली. हात सोडून येणाऱ्यांचीं, उंच सीटवाल्यांचीं, बिनमडगार्डवाल्यांचीं नांवें तींत ठिकठिकाणीं आढळलीं. त्याचें नांव संबंध वर्षांत एकदांही नाहीं. पुढें एके दिवशीं आम्हीं त्यास रस्त्यावर चढ चढतांना पाहिलें. खांदे स्थिर, नजर समोर, पाय एका लयींत. फडक्याच्या सीटवर बसलेला तो मुलगा त्या क्षणीं आम्हांस खरोखरच देखणा दिसला. आणि भिंतीच्या आडोशास त्याची सायकल उभी राहते, याची लाज त्याची नसून आमच्या सर्वांची आहे, असें वाटलें.

विद्यार्थीमित्रहो, नव्या वर्षीं ती सायकल फाटकाच्या आंत, तुमच्या सायकलींच्या रांगेंत उभी राहिलेली पाहण्याची आमची इच्छा आहे. तुम्हीं हंसणें सोडलें, तर ती आपोआप आंत येईल. ऐट करूं नका, असें आम्ही म्हणत नाहीं. कोब्लेटप्रमाणें खुशाल कंगवा खिशांत ठेवा. मात्र त्याच्याप्रमाणेंच तो शेवटची रेषा ओलांडल्यावर बाहेर काढा.