समुद्रकाठचा सातबारा

सोलापूर-धुळे महामार्गाला पाटोद्याकडून केजकडे जाणारी सडक मांजरसुंब्याला जिथे छेदते, त्या चौकाभोवतीच्या जिरायतीचा भाव एकराऐवजी गुंठ्यावर बोलला जाऊ लागला त्याला आता काळ लोटला. आणि रस्तारुंदीत जमीन गेलेल्या खातेदाराच्या हाती मोबदल्याची रक्कम पडली, म्हणजे ती बालाघाटाच्या मुरमात पुन्हा घालण्यापेक्षा कोकणात समुद्राला लागून मोकळी जमीन घेऊन ठेवावी, असा सल्ला देणारे त्याला हटकून भेटतात.

सल्ला अगदीच निराधार नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. मुंबईच्या धनिकाला अडवणारे हे दार बीडच्या शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्याच्या बळावर उघडते. शिवाय 2021 साली चिपीचा विमानतळ झाला, 2022 साली पलीकडे गोव्यात मोप्याचा आणि 2024 च्या जानेवारीत अटल सेतू, तेव्हा भाव चढणारच, हे भाकीतही वरवर पाहता तर्कशुद्ध आहे.

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. जो गृहस्थ आपल्या शिवारात शेजाऱ्याचा बांध वीतभर सरकला तर मोजणी मागवतो, विहिरीतल्या पाण्याच्या हिश्श्यावरून दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आणि पाणंद कोणाच्या गटातून जाते हे तोंडपाठ सांगतो, तोच गृहस्थ निळे पाणी दृष्टीस पडताच यांतला एकही प्रश्न विचारीत नाही. विकाऊ म्हणून दाखवलेली ती जमीन कागदावर क्वचितच मोकळी असते. खोती 1949 च्या कायद्याने गेली, पण खोत, कुळे आणि त्यांचे वारस यांचे हक्क सातबाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या साचत राहिले. एका वरकस तुकड्याला पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, एखादा परागंदा, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा, असे उतारे तिकडे अपवादात्मक नाहीत. दोघा भावांच्या सहीने किंवा कुणा कुलमुखत्याराच्या भरवशावर झालेले खरेदीखत नोंदले गेले, तरी राहिलेल्या हिस्सेदाराचा हक्क त्याने बुडत नाही, आणि त्याची हरकत आली की फेरफार अडतो.

सागरकिनारा नियमनाचा प्रश्न याहून सरळ, पण दलालाच्या तोंडून तो सहसा निघत नाही. 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरांचा पट्टा नियंत्रणाखाली आला आणि ग्रामीण भागात त्यातले पहिले दोनशे मीटर नव्या बांधकामाला वर्ज्य ठरले. 2019 च्या अधिसूचनेने ही मर्यादा पन्नास मीटरांवर आणली ती केवळ दाट वस्तीच्या, म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोक असलेल्या गावांपुरती. विरळ वस्तीच्या गावाला, आणि निर्जन किनाऱ्याचे आमिष नेमके तिथलेच दाखवतात, जुने दोनशे मीटर कायम आहेत. म्हणजे लाटांच्या सान्निध्यापायी ज्या तुकड्याची सर्वाधिक किंमत मोजावी, त्यावरच घर बांधता येत नाही.

गुंतवणूक म्हणून ती पडून राहिली तर काय बिघडले, असे विचारणारे विचारतात. साडेतीनशे-चारशे किलोमीटरांवरच्या जमिनीची वहिवाट मालक करीत नाही, ती दुसरा कोणीतरी करतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको. आणि झाडे लावून ती राखावी म्हटले, तर 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पिढीजात नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या, तिथे गैरहजर धन्याच्या रोपांची कथा काय! माझे मत विचाराल तर या रकमेचा पहिला हक्क घरच्या शेततळ्याचा आहे. तरीही ज्याला समुद्राचीच ओढ असेल, त्याने इसार देण्यापूर्वी सरकारी मोजणी करून घ्यावी, वारसांच्या सह्या मोजाव्यात, गाडीवाट नकाशावर कोणाच्या गटातून जाते ते तलाठ्याकडे पाहावे. आणि दलाल हिवाळ्यात गाडी घेऊन न्यायला आला, तर त्याला आषाढातल्या अमावस्येला, उधाणाच्या भरतीच्या वेळी, यायला सांगावे.